‘खरं असतं तर तेव्हाच बोलल्या असत्या’: आर्मेनियन आज्यांच्या मौनावरच्या दाव्याला उत्तर

दरवर्षी २४ एप्रिल, म्हणजे आर्मेनियन वंशसंहाराचा स्मृतिदिन, जवळ आला की त्याबद्दल एक मजकूर फिरू लागतो. भाषा बदलते, मांडणी तीच असते. सारांश असा: १९१५ साली ऑटोमन, म्हणजे तुर्की, साम्राज्यात ख्रिस्ती आर्मेनियन लोकांना ठरवून मारलं म्हणतात, पण त्यातून वाचलेल्या बायका साठ-सत्तर वर्षं अवाक्षर बोलल्या नाहीत. तुर्की, कुर्दी नवऱ्यांबरोबर सुखाने संसार केला, नमाज पढल्या, आणि म्हातारपणी अचानक नातवंडांना कहाण्या सांगू लागल्या. त्या वयात कोणाला काय धड आठवतं? शिवाय सगळ्यांच्या कहाण्या सारख्याच कशा? तेव्हा हे सगळं मागाहून पढवलेलं आहे, राजकारणासाठी आणि भरपाईच्या पैशांसाठी.

मला या मजकुराचा मनापासून राग येतो. ज्यांना गप्प बसवलं, त्यांच्या गप्प बसण्याचाच त्यांच्याविरुद्ध पुरावा केलेला आहे. पण नुसत्या रागाने कोणाचं समाधान होत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘तेव्हा कोणीच बोललं नाही’

हे साफ खोटं आहे. कत्तल चालू असतानाच जगाला कळत होतं. २४ मे १९१५ रोजी ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने संयुक्त निवेदन काढून ऑटोमन सरकारच्या लोकांना या गुन्ह्यांबद्दल व्यक्तिशः जबाबदार धरण्याचा इशारा दिला. जुलैत अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी वॉशिंग्टनला तार करून कळवलं, की बंडाचं निमित्त पुढे करून एक वंशच संपवण्याची मोहीम चालली आहे. पूर्व तुर्कस्तानातल्या खारपूतचे अमेरिकन वाणिज्यदूत लेस्ली डेव्हिस स्वतः घोड्यावरून गोल्जुक तलावापर्यंत गेले आणि काठावरच्या प्रेतांबद्दल त्यांनी अहवाल लिहिला.

यावर कोणी म्हणेल, हे परदेशी लोक झाले, वाचलेले कुठे बोलले? तेही बोलले. युद्ध संपल्या संपल्या, १९१८च्या अखेरीपासून, आराम अँदोनियान हा लेखक सीरियातल्या अलेप्पोत वाचलेल्यांच्या जबान्या उतरवून घेत होता. १९१९ साली इस्तंबूलमध्ये ऑटोमन सरकारच्याच लष्करी न्यायालयात योझगात भागातल्या कत्तलींचा खटला चालला, त्यात वाचलेल्यांनी साक्षी दिल्या. त्या खटल्यात बोआझलियानचा प्रांताधिकारी मेहमेद केमाल दोषी ठरला आणि १० एप्रिल १९१९ रोजी त्याला जाहीर फाशी झाली. धर्मगुरू ग्रिगोरिस बालाकियान यांनी आपल्या अटकेची आणि पलायनाची हकिगत १९२२ साली छापली.

अलेप्पोच्या नोंदवह्या तर मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात. कारेन येप्पे नावाच्या डॅनिश बाईंनी १९२२पासून तिथे राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) वतीने एक आश्रयगृह चालवलं. वाळवंटातल्या टोळ्यांमध्ये, गावांमध्ये, लोकांच्या घरांत अडकलेल्या आर्मेनियन बायका-मुलं तिथे पळून येत. आलेल्या प्रत्येकाची नोंद होई: क्रमांक, फोटो, नाव, आईबापांची नावं, मूळ गाव, वय, आणि खाली काही ओळींत हकिगत. बाप कुठे मारला गेला, आई कोणत्या मुक्कामावर गेली, आपल्याला कोणी उचलून नेलं, तिथे किती वर्षं काढली, पळायला कोणी मदत केली. काही मुलींच्या फोटोत हनुवटीवर आणि ओठांखाली टोळीच्या रिवाजाप्रमाणे गोंदलेलं स्पष्ट दिसतं. अशा सोळाशेहून जास्त नोंदी आज जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या दप्तरात आहेत. यांतल्या कोणीही ऐंशीव्या वर्षाची वाट पाहिलेली नाही. विशीतल्या, पंधराव्या वर्षातल्या मुली बोलल्या आहेत, घटनेला दहा वर्षंही झाली नसताना.

आता अरोरा मार्दिगानियानची गोष्ट ऐका. चेमिशगेझेकची ही मुलगी. घरचे बहुतेक सगळे डोळ्यांदेखत गेले. १९१७ साली ती न्यूयॉर्कला पोचली. तिची हकिगत १९१८ साली छापली गेली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर मूकपट निघाला. त्यात जे तिच्यावर ओढवलं होतं तेच तिला कॅमेऱ्यासमोर पुन्हा करायला लावलं. मग गावोगावी खेळांच्या वेळी तिला मंचावर उभं करायचे. विशीही न गाठलेली पोर किती सोसणार? ती खचली. तेव्हा निर्मात्यांनी तिच्यासारख्या दिसणाऱ्या मुली भाड्याने आणल्या आणि प्रचार चालूच ठेवला. पुढे तिने लग्न केलं, मुलगा झाला, आणि ती लोकांच्या नजरेआड झाली. १९९४ साली लॉस एंजेलिसमध्ये ती वारली.

म्हणजे ‘तेव्हाच का बोलली नाहीस’ हा प्रश्न अरोराला विचारताच येत नाही. ती तेव्हाच बोलली होती, आणि तिच्या बोलण्याचा तमाशा झाला.

‘मग पुढची साठ वर्षं गप्प का?’

गप्प बसणाऱ्या होत्या, आणि त्यांची संख्या खूप मोठी होती. पण त्या कुठे राहत होत्या ते आधी पाहा.

ज्या मेहमेद केमालला १९१९ साली फाशी झाली, त्याला १९२२च्या ऑक्टोबरात तुर्की राष्ट्रवाद्यांच्या अंकारातल्या राष्ट्रीय सभेने ‘राष्ट्रीय हुतात्मा’ ठरवलं. तीन वर्षांत खुनी हुतात्मा झाला. त्याच मुलखात, त्याच शेजाऱ्यांमध्ये, मुसलमान नाव घेऊन राहणाऱ्या एका आर्मेनियन बाईने काय बोलावं अशी अपेक्षा आहे? आणि कोणाजवळ? पोलिसांजवळ? गावच्या शाळेत?

इस्तंबूलच्या वकील फेतिये चेतिन यांच्या आजीची हकिगत त्यांनी स्वतः २००४ साली पुस्तकातून जगासमोर आणली. आजीचं नाव सेहेर. निदान फेतियेंना तेवढंच माहीत होतं. त्या अंकाराला कायदा शिकत असताना, सत्तरच्या दशकात, आजीने एकदा त्यांना जवळ बसवून सांगितलं की माझं खरं नाव हेरानुश. माझं गाव हबाब. माझे आईवडील अमेरिकेत गेले, त्यांना शोधशील का?

१९१५ साली हेरानुश दहा वर्षांची होती. बाप आधीच अमेरिकेत गेलेला होता. गावातल्या पुरुषांना आधी वेगळं काढून मारलं. बायका-मुलांना पायी हाकलत नेलं. मादेनजवळ पुलावरून जाताना हेरानुशच्या आजीने आपल्या दोन पोरक्या नातींना पाण्यात ढकललं आणि मागोमाग स्वतः उडी घेतली. पुढे चेर्मिकजवळ हुसेन नावाच्या एका घोडेस्वार शिपायाने हेरानुशला आईच्या हातातून घेतलं आणि घरी नेऊन वाढवलं. ती सेहेर झाली. आई वाळवंटातून जिवंत सुटली, पण ती मुलीच्या वाट्याला पुन्हा आली नाही.

ही बाई गप्प राहिली याचं नवल वाटतं की अखेर बोलली याचं? मला दुसऱ्याचं वाटतं. आणि बोलली तेव्हाही तिने माणूस निवडून काढलं. मुलांना सांगितलं नाही, कारण त्यांना त्याच देशात नोकऱ्या करायच्या होत्या, सोयरिकी जुळवायच्या होत्या. कायदा शिकणाऱ्या, निडर नातीला सांगितलं. त्या नातीनेही आजी जिवंत असेपर्यंत ते छापलं नाही.

नातीची भीती अनाठायी होती का? फेतिये चेतिन ह्रांत दिंक यांच्याही वकील होत्या. ‘आगोस’ या आर्मेनियन-तुर्की साप्ताहिकाचे संपादक दिंक यांना २००५ साली ‘तुर्कीपणाचा अपमान’ केल्याबद्दल शिक्षा सुनावली गेली आणि १९ जानेवारी २००७ रोजी कचेरीच्या दारात गोळ्या घालून त्यांचा खून झाला. हे एकविसाव्या शतकातलं, इस्तंबूलच्या भर वस्तीतलं. मग १९३५ साली एखाद्या खेड्यातल्या बाईला काय वाटत असेल?

तुर्कस्तानाबाहेरही सगळीकडे रान मोकळं नव्हतं. सोव्हिएत आर्मेनियात हा विषय ‘राष्ट्रवाद’ म्हणून संशयाचा होता. वेर्जिने स्वाझलियान १९५५पासून राजधानी येरेवानच्या वस्त्यांत दारोदार फिरून वाचलेल्यांच्या आठवणी आणि गाणी टिपून घेत होत्या, ते स्वतःच्या हिमतीवर. २४ एप्रिल १९६५ला येरेवानच्या रस्त्यांवर प्रचंड जमाव उतरला, तेव्हा कुठे दोन वर्षांनी स्मारक उभं राहिलं. लोक ‘अचानक’ बोलू लागले असं जे वाटतं, ते ऐकणारे तेव्हा आले म्हणून.

‘सुखाने संसार केला, मग छळ कसला?’

संसार केला हे खरं. मुलं झाली, त्यांच्यावर जीव लावला, काही नवरे भलेही असतील. हुसेन शिपायाने हेरानुशला मायेने वाढवलं, असं फेतिये स्वतः लिहितात. त्यामुळे तिची आई तिला परत मिळाली का?

२००० साली हेरानुश वारली, तेव्हा मशिदीच्या आवारात अंत्यविधीसाठी आईवडिलांची नावं विचारली गेली. घरच्यांनी सांगितली: बाप हुसेन, आई एस्मा. फेतियेंना राहवलं नाही. हे खोटं आहे, तिच्या आईचं नाव इस्गुही आणि बापाचं होव्हानेस, असं त्या सगळ्यांसमोर बोलून गेल्या. नंतर त्यांनी ‘आगोस’मध्ये मृत्यूची बातमी दिली, खऱ्या नावांनिशी. तिच्यातून अमेरिकेतल्या नातेवाइकांचा पत्ता लागला.

आणखी एक गोष्ट त्यांना नंतर उमगली. लहानपणी वर्षातल्या एका ठराविक दिवशी आजीबरोबर शेजारपाजारच्या काही म्हाताऱ्यांकडे गेलं की प्रत्येक घरी गोड, वेणीसारखा विणलेला चोरेक नावाचा पाव पुढे यायचा. तो ईस्टरचा पाव होता. त्या सगळ्या म्हाताऱ्या हेरानुशसारख्याच होत्या. एकमेकींना ओळखून होत्या, उघड काही बोलत नव्हत्या, पण सण चुकवत नव्हत्या. सुखाने विसरून गेलेल्या बायका असं करत नाहीत.

‘म्हातारपणातली आठवण भरवशाची नसते’

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायलाच हवं. साठ वर्षांनी तारखा चुकतात, आकडे फुगतात, प्रवासाचे मुक्काम मागेपुढे होतात, ऐकलेलं आणि पाहिलेलं एकमेकांत मिसळतं. म्हणूनच एका आजीच्या सांगण्यावरून मृतांचा आकडा कोणी ठरवत नाही. उशिरा सांगितलेली हकिगत इतिहासकार आधीच्या कागदांशी ताडून पाहतात. ताडून पाहिल्यावर काय दिसतं, हे फिरणारा मजकूर सांगत नाही.

लेबनॉनमधल्या आंतुराचं उदाहरण घ्या. तिथल्या फ्रेंच शाळेत ऑटोमन सेनापती जेमाल पाशाने अनाथाश्रम काढला. हजारच्या आसपास मुलं, बहुतेक आर्मेनियन. कार्निग पानियान तिथे सहा वर्षांचा होता. मुलांना तुर्की नावं आणि क्रमांक दिले, आर्मेनियन बोललं की तळपायांवर फटके बसत, भूक इतकी की मुलं आवारात मिळेल ते उकरून खात, असं त्याने म्हातारपणी लिहिलं आणि ते त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. सहा वर्षांच्या मुलाची आठवण, तीही मागाहून लिहिलेली, म्हणून सोडून द्यायची? मग हालिदे एदिप यांच्या आत्मचरित्राचं काय करायचं? प्रख्यात तुर्की लेखिका, राष्ट्रवादी चळवळीतलं मोठं नाव आणि आंतुराशी थेट संबंध आलेली बाई. त्यांचं आत्मचरित्र १९२६ साली इंग्रजीत आलं. त्यात आर्मेनियन मुलांना मुसलमान नावं दिल्याचं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. भुकेल्या पोराची आठवण आणि तिथे कारभार पाहणाऱ्या बाईची नोंद नावं बदलण्याच्या मुद्द्यावर तंतोतंत जुळतात.

अरोराचं तर उलटंच झालं. मूकपटात बायकांना क्रुसावर चढवल्याचं दाखवलं होतं. म्हातारपणी तिने सांगितलं की ते तसं नव्हतं. क्रूस नव्हते, टोकदार केलेले सुळे होते, आणि जे केलं ते पडद्यावर दाखवण्यासारखं नव्हतं म्हणून निर्मात्यांनी बदललं. इथे तरुणपणी तिच्या नावावर खपवलेलं चित्र खोटं होतं, आणि ते दुरुस्त केलं म्हातारीच्या आठवणीने.

उशिरा उघड झालेला कागद दुसऱ्या बाजूकडेही होताच. ज्याच्या हुकमांनी हे घडलं त्या गृहमंत्री तलात पाशाची वही त्याच्या विधवेने जपून ठेवली होती. ती इतिहासकार मुरात बार्दाकची यांच्याकडे आली आणि २००८ साली छापली गेली. त्यातल्या आकड्यांनुसार साम्राज्यातले आर्मेनियन आधी १२,५६,००० होते, १९१७ साली उरले २,८४,१५७. काही पळून गेले होते, काहींचं धर्मांतर झालं होतं, म्हणून ही वजाबाकी म्हणजे मृतांचा आकडा नव्हे. पण हा कागद नव्वद वर्षं लोकांसमोर आला नव्हता. तलात पाशाची विधवा इतकी वर्षं गप्प का राहिली, असं विचारणारा मजकूर अजून माझ्या पाहण्यात आला नाही.

‘सगळ्यांच्या कहाण्या सारख्या’

सारख्या आहेत, कारण पद्धत सारखी होती. आधी हत्यारं जमा करणं, मग सैन्यातल्या आर्मेनियनांना मजूर तुकड्यांत घालून संपवणं, गावातले पुरुष वेगळे काढणं, उरलेल्यांचे तांडे दक्षिणेला हाकणं, वाटेत टोळ्यांचे हल्ले, मुली-मुलांना उचलून नेणं, आणि शेवटी अलेप्पोपलीकडे देर-एझ-झोरचं वाळवंट. शेकडो मैलांवरच्या, एकमेकींना कधीही न भेटलेल्या बायका हाच क्रम सांगतात, यातून हुकूम वरून सुटल्याचं दिसतं.

आणि जिथे वेगळं घडलं तिथे हकिगतीही वेगळ्या आहेत. मुसा दागची माणसं डोंगरावर लढल्याचं आणि फ्रेंच जहाजांनी वाचवल्याचं सांगतात. इस्तंबूलच्या बहुसंख्य आर्मेनियनांना हाकललं गेलं नाही, तेही तसंच सांगतात. पढवलेल्या साक्षीत चांगले तुर्क येणार नाहीत, इथे तर ते जागोजागी भेटतात: पोराला पोत्याखाली लपवणारी शेजारीण, भाकरी देणारा शिपाई. अधिकाऱ्यांतही होते. मेहमेद जेलाल बे यांनी अलेप्पोत गव्हर्नर असताना हुकूम पाळायला नकार दिला, मग कोन्यात बदली झाल्यावर तिथेही हजारोंना अडवून धरलं, आणि अखेर पद गमावलं.

‘पैशांसाठी’

अमेरिकेत मेलेल्या आर्मेनियनांच्या जुन्या विमा पॉलिसींवरून वारसांनी दावे केले आणि २००४-०५च्या सुमारास तडजोडी झाल्या, एवढं खरं. पण तुर्कस्तानातल्या खेड्यात सेहेर, फातमा होऊन राहिलेल्या बाईला बोलून काय मिळणार होतं? एक पैसा नाही. नातवंडांच्या माथी संशय तेवढा लागला असता. फेतिये चेतिन आणि आयशे ग्युल आल्तिनाय यांनी पुढे अशाच आज्यांच्या इतर नातवंडांच्या मुलाखती छापल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी खरं नाव देऊ नका असं सांगितलं. पैसा मागणारा माणूस नाव लपवत नाही.

‘युद्धात सगळेच मेले’

पूर्व अनातोलियात, म्हणजे आजच्या पूर्व तुर्कस्तानात, मुसलमान प्रजाही लढाईत, रोगराईत, उपासमारीत लाखांनी मेली, आणि त्यांचंही दुःख खरंच आहे. पण आघाडीपासून दूर असलेल्या अंकारा, बुर्सा, इझमितमधल्या आर्मेनियनांनाही घरातून काढून वाळवंटात का धाडलं, याचं उत्तर ‘युद्ध’ या शब्दात नाही.

इथे आपल्याकडचाही धागा आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुतमध्ये तुर्कांना शरण गेलेलं सैन्य म्हणजे ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. या कैद्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं, आणि अनेकांना रास-अल-ऐनच्या परिसरात रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्याच रास-अल-ऐनच्या छावणीतल्या हजारो आर्मेनियनांची कत्तल नुकतीच, त्या वर्षीच्या वसंतात सुरू झाली होती.

या कैद्यांत बंगालच्या रुग्णवाहिका पथकातला एक तरुण होता, शिशिरप्रसाद सर्वाधिकारी. कैदेत चोरून ठेवलेल्या टिपणांवरून त्याने पुढे बंगालीत आठवणी लिहिल्या, त्यात ओसाड आर्मेनियन वस्त्या आणि कत्तली यांबद्दल लिहिलं. हा माणूस आर्मेनियन नाही, ख्रिस्ती नाही, त्याला कसली भरपाई मिळायची नव्हती, आणि इंग्रजांचा प्रचार करायची गरज तर मुळीच नव्हती, कारण पुस्तक छापलं तेव्हा भारत स्वतंत्र झालेला होता. पुस्तक निघालं १९५०च्या दशकात, म्हणजे सुमारे चाळीस वर्षांनी. त्याच्या कैदेच्या हालांबद्दल ‘इतकी वर्षं गप्प का होतास’ असं त्याला कोणी विचारत नाही. मग तोच प्रश्न आर्मेनियन आजीलाच का?

‘आता कोणी जिवंत नाही, विषय सोडा’

जिवंत कोणी नाही, पण आवाज आहेत. स्वतः लहानपणी यातून वाचलेले चित्रपटकार मायकेल हागोपियान यांनी चारशेच्या आसपास मुलाखती चित्रित करून ठेवल्या. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात रिचर्ड होव्हानिसियान यांच्या विद्यार्थ्यांनी सत्तरच्या दशकापासून हजाराहून जास्त मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. ज्याला शंका आहे त्याने त्या ऐकाव्यात आणि अलेप्पोच्या नोंदवह्यांशी ताडून पाहाव्यात.

आणि विषय सोडायला तुर्कस्तानातले लोकच तयार नाहीत. फेब्रुवारी २०१८मध्ये तिथल्या सरकारने नागरिकांना आपली वंशावळ ऑनलाइन पाहण्याची सोय करून दिली. पहिल्याच दिवशी इतकी झुंबड उडाली की यंत्रणा कोसळली, आणि काही दिवसांनी ती पुन्हा सुरू करावी लागली. आपली आजी, पणजी कोण होती हे बघायला लोक आले होते. त्यांना पढवायला येरेवानहून किंवा लॉस एंजेलिसहून कोणी गेलं नव्हतं. दप्तर सरकारी होतं, आणि शोधणारे त्या आज्यांचेच नातू-पणतू होते.